प्लेट आणि पट्टा

आम्ही नवराबायको एकाच दिवशी, एकाच वळणावर पडलो आणि दोघांचंही एकच हाड मोडलं. गळ्याखालचं आडवं हाड, डॉक्टर ज्याला कॉलर बोन म्हणतात ते. ह्यांचं डावं, माझं उजवं. गावात अजून कोणी कोणी हसत सांगतात, ‘जोडीन बारशाक गेली आनी जोडीन मोडून इली.’ पहिले काही दिवस आम्हीही हसायचो.

माझं माहेर आरोंद्याचं, खाडीकाठचं. सासर दोडामार्गच्या बाजूला, डोंगराच्या पोटात. मी गावच्याच प्राथमिक शाळेत शिकवते. हे काजूची बाग बघायचे आणि भजनात पखवाज वाजवायचे. बाग हा त्यांचा उद्योग होता आणि पखवाज हा त्यांचा मान. भजनाच्या बारीला, म्हणजे दोन मंडळांच्या सामन्याला, दुसऱ्या गावांहून माणसं त्यांना घेऊन जायला गाडी घेऊन यायची. त्या दिवशी ते जेवताना जरा कमी बोलायचे आणि उजव्या हाताच्या बोटांनी ताटाच्या कडेवर काहीतरी वाजवत राहायचे.

बारसं माझ्या भाचीच्या मुलाचं होतं. जेवून दुपारी आम्ही स्कूटरवरून परत निघालो. रस्त्याचं काम चाललेलं होतं, एका वळणावर खडी पसरून ठेवली होती. हे गाडी हळू चालवत होते, त्यांना कधी घाई नसायची. तरी मागचं चाक खडीवरून सरकलं. गाडी डावीकडे कलली, हे तिच्याबरोबर गेले आणि मी त्यांच्यावरून पलीकडे फेकली गेले. माझं हाड मोडल्याचा आवाज मला कानात नाही, दातांत ऐकू आला.

“तुका लागला काय गो?” हे पडल्या जागेवरून विचारत होते.

“हात उचलत नाय. तुमचो?”

“माझोव नाय.”

मागून केळ्यांचे घड भरलेला एक टेम्पो येत होता. ड्रायव्हर भला माणूस. त्याने घड एका बाजूला सारले आणि आम्हाला मध्ये बसवलं. उतारावर टेम्पो हलला की घड आमच्या अंगावर यायचे आणि मग दोघेही एकदम ओरडायचो. ह्यांनी आपल्या उजव्या हाताने माझा डावा हात धरून ठेवला होता. धरण्यासारखे तेवढेच दोन हात शिल्लक होते.

तालुक्याच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होता, घाटावरचा, शांत बोलणारा. त्याने दोघांचे एक्स-रे काढून शेजारी शेजारी लावले. काळ्या कागदावर आम्ही दोघं पांढरी होऊन बसलो होतो. तेवढ्यात माझी थोरली नणंद रिक्षा करून धावत आली. ह्यांच्याहून मोठी, विधवा, आमच्याच वाडीत राहणारी. आमच्या घरातले सगळे निर्णय तिच्यासमोर व्हायचे.

डॉक्टर म्हणाला, “दोघांचंही मधोमध मोडलंय. काका, तुमची टोकं फार सरकलेली नाहीत. बाईंचं मात्र एक टोक दुसऱ्यावर चढलंय.”

“मग?” ह्यांनी विचारलं.

“मग दोन रस्ते आहेत. एक म्हणजे हात गळ्यात बांधायचा, खांद्यांना पट्टा घालायचा आणि वाट बघायची. हे हाड बहुतेकांचं आपोआप जुळतं. थोडं वाकडं जुळतं, पण जुळतं. काहींचं जुळत नाही. दुसरा रस्ता ऑपरेशनचा. प्लेट आणि स्क्रू बसवायचे. हाड सरळ राहतं, हात लवकर कामाला लागतो. पण कापलं म्हणजे जखम चिघळायचा धोका आला. प्लेट कातडीखाली टोचते. कधी नंतर काढावीही लागते.”

हे सरकारी कचेरीत, दवाखान्यात शुद्ध मराठी बोलायचा प्रयत्न करायचे. दुखण्याने ते सगळं विसरले होते. “वरसान बघलात तर कोणाचो हात बरो आसता? प्लेटवाल्याचो काय पट्टेवाल्याचो?”

डॉक्टरने जरा विचार केला. “वर्षानं पुष्कळदा दोघांचाही सारखाच असतो.”

“मग तुमी काय सांगतास?”

“बाईंच्या बाबतीत मी ऑपरेशनकडे थोडा झुकेन. तुमचं पट्ट्यावरही भागेल. पण खात्रीनं असं कुणीच सांगणार नाही. निर्णय तुमचा.”

निर्णय तुमचा. आमच्याकडे डॉक्टरकडे जातात ते त्याने सांगावं म्हणून. दुखणं आमचं आणि निर्णयही आमचा, हे ऐकून नणंद भांबावली. मग तिने तिच्या परीने वाट काढली. “दोगांवय एकदम टेबलार गेलात तर घराकडे कोण बघतला? आनी बाईल मानसाचा हाड आपसूक जुळता. माझ्या सासूचा नाय जुळला?”

हे म्हणाले, “माका चवतीक पखवाज वाजवचो आसा. माका प्लेट घाला.”

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “माझा रवांदे. पट्टो बांदा.”

मला वाटलं होतं, कोणीतरी परत विचारेल. डॉक्टरचा पेन थोडा वेळ तसाच हातात राहिला. मग त्याने मान हलवली आणि नर्सला पट्टा आणायला सांगितलं. तो इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दोन्ही काखांतून जाणारा पट्टा तिने पाठीवर करकचून ओढला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काळोख आला. ह्यांना आत घेऊन गेले.

घरी आल्यावरचे दिवस मला अजून स्पष्ट आठवतात, कारण त्या दिवसांत आम्ही एकमेकांना जितके लागलो तितके लग्नानंतर कधी लागलो नव्हतो. त्यांचा उजवा हात आणि माझा डावा, असे मिळून आमच्या घरात एका माणसाचे हात होते. कांदा ते दाबून धरायचे आणि मी चिरायची. माझी वेणी घालायला एका हाताने येत नाही, म्हणून दोन पेड ते धरायचे आणि तिसरा मी डाव्या हाताने वरून आणायची. वेणी अशी व्हायची की नणंद बघून कपाळावर हात मारायची. रोजचा स्वयंपाक तीच करायची, पण ती घरी गेली की आमचं हे असं चालायचं. आडवं झोपता येत नव्हतं. दोघेही भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या झोपायचो. हे म्हणायचे, “आमी दोगां येस्टीत बसल्यासारखी दिसतव. गाव खंयचो येतलो काय म्हायत.”

बाहेर बाग पिकलेली होती. काजूचा हंगाम ऐन भरात होता आणि वेचणारं कोणी नव्हतं. मजूर गोव्याला जातात, हंगामात मिळत नाहीत. बोंडू, काजूची रसाळ फळं, झाडाखाली पडून कुजत होते, त्यांचा आंबूस वास दुपारी घरात भरायचा. हे पडवीत बसून तो वास घेत राहायचे. पण तेव्हा त्यांना त्याचं एवढं वाईट वाटत नव्हतं. हात बरा होणार आहे, ही त्यांची खात्री होती. पुढच्या वर्षी दुप्पट काम करू, म्हणायचे.

आणि खरोखर त्यांचा हात लवकर सुटला. शाळा उघडायच्या आत ते शर्ट स्वतः घालायला लागले, मग स्कूटर चालवायला लागले. चतुर्थीत ते पखवाज घेऊन बसले. आमच्या वाडीत घरोघरी भजनं असतात. पहिल्याच घरी त्यांनी डाव्या पुडाला कणीक लावली, हात मारला आणि तो खोल, भरलेला आवाज निघाला. बसलेली सगळी माणसं हसली. म्हातारे म्हणाले, “प्लेट घातली म्हनान. नायतर खंयचो हात सुटतलो?” नणंदेने मान डोलावली. मी बायकांत बसले होते. माझा उजवा हात मांडीवर पडलेला होता.

माझं हाडही जुळलं होतं, पण चढलेलं टोक चढलेलंच राहून जुळलं. गळ्याखाली एक उंचवटा आला, लिंबाएवढा. उजवा खांदा पुढे आला आणि खाली उतरला. पदर त्या खांद्यावर राहीना, ब्लाऊज एका बाजूने सुटायला लागला. शिवणाऱ्या बाईने दोन खांद्यांची दोन वेगळी मापं घेतली. हात खांद्याच्या वर गेला की आत काहीतरी अडकायचं आणि कळ थेट करंगळीपर्यंत उतरायची.

मी फळ्यावर लिहिणारी बाई. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात आता मला लिहिता येत नव्हतं. मी खालच्या अर्ध्यात लिहायला लागले. मागच्या बाकावरची मुलं उठून उभी राहायची, मग मी त्यांना खाली बसायला सांगायची, मग ती म्हणायची, “बाई, दिसत नाय.” दिवसातून किती वेळा तरी हे व्हायचं. पुढे पुढे ती मुलं उभी राहीनाशी झाली. लिहून घेतलं का असं विचारलं तर हो म्हणायची. वह्या तपासल्या तर कोऱ्या. मी रागावले नाही. न दिसणारं कोण लिहून घेणार?

डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने हात फिरवून बघितला. “व्यायाम करा, थोडा फरक पडेल,” म्हणाला. मी विचारलं, “तेव्हा ऑपरेशन केलं असतं तर?” त्याने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. “बहुधा सरळ जुळलं असतं,” म्हणाला. “आता करायचं तर जुळलेलं हाड परत मोडावं लागेल. तुमचा हात चालतोय. मी सुचवणार नाही.”

घरी आले तेव्हा हे पखवाजाच्या वाद्या आवळत बसले होते. “डॉक्टर काय म्हनालो?” त्यांनी विचारलं.

“व्यायाम करूक सांगल्यान.”

“कर मगे,” ते म्हणाले.

दिवाळीनंतर त्यांच्या व्रणावर एक पुळी उठली. मुगाच्या दाण्याएवढी. आम्हाला वाटलं घामोळं. ती फुटली, पाणी आलं, सुकली. परत उठली. या वेळी पाण्याला वास होता. डॉक्टरने बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. जखम बंद व्हायची आणि थोड्या दिवसांनी दुसरीकडून तोंड काढायची. शेवटी तो म्हणाला, “प्लेट काढावी लागेल. आतला जंतू प्लेटला धरून बसलाय.”

प्लेट काढली. एका बाटलीत घालून आमच्या हातात दिली, बोटभर लांबीची पट्टी आणि स्क्रू. आम्ही समजलो, संपलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ स्टूल घेऊन बसला. डॉक्टर स्टूल घेऊन बसला की माणसाने समजावं.

“हाड जुळलेलं नाही,” तो म्हणाला. “इतके दिवस प्लेटनंच धरून ठेवलं होतं. जंतूमुळे आतली टोकं झिजलीत.”

“मगे चवतीक मी वाजवलंय तो हात?”

“तो प्लेटचा हात होता, काका.”

ह्यांनी उजव्या हाताने ती बाटली उचलून बघितली. मग विचारलं, “आता?”

“आधी जखम पूर्ण बरी होऊ द्यायची. मग परत ऑपरेशन. कमरेचं थोडं हाड काढून इथे बसवायचं, नवी प्लेट घालायची. त्यासाठी मोठ्या ठिकाणी जावं लागेल.”

आम्ही मोठ्या ठिकाणी गेलो. गोव्यात मुलगी दिली आहे, तिच्याकडे राहून गेलो. तिथल्या वयस्कर डॉक्टरनेही तेच सांगितलं. ह्यांनी एकच प्रश्न विचारला. “जुळतला काय?”

“जुळायला हवं,” ते डॉक्टर म्हणाले. “पण एकदा जंतू झालेल्या जागी सांगणं कठीण असतं.”

बाहेर येऊन हे झाडाखालच्या बाकावर बसले. मुलगी म्हणाली, “बाबा, करून टाका. तुमी आजून म्हातारे नाय.” हे तिच्याकडे न बघता म्हणाले, “एकदा खात्री नाय म्हनान सांगल्यानी, ता मी आयकलंय नाय. आता आयकतंय.” तिने परत परत समजावलं, ती रडलीही. मी काय बोलणार होते? हो म्हणावं तर माझ्या डोळ्यांसमोर ती पुळी यायची, नको म्हणावं तर तो लटकणारा हात.

तो हात आता तसाच आहे. हाडाचे दोन तुकडे कातडीखाली वेगवेगळे हलतात. शर्ट काढला की दिसतात. त्या हाताने ह्यांना कळशी उचलवत नाही, फांदी धरवत नाही, म्हणून कोयताही सुटला. बाग दुसऱ्याला कराराने दिली. तो माणूस हंगामात आमच्या पडवीसमोरून काजूच्या गोणी घेऊन जातो, थांबून ‘बरा मा?’ म्हणून विचारतो. हे हात वर करतात, उजवा. पखवाज भजनमंडळाला देऊन टाकला. नेणाऱ्यांनी नको नको म्हटलं, हात बरो झालो की तुमीच वाजवश्यात, म्हणाले. ह्यांनी तो दारापर्यंत स्वतः ढकलत नेला. त्यानंतर घरोघरच्या भजनांना ते जात नाहीत. बोलवायला येणारे पहिल्या वर्षी आले, पुढे येईनासे झाले. मीही कोणाला ‘या’ म्हणून सांगितलं नाही.

आमच्यात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मला कधीकधी वाटतं. एकदा मी नारळ खवत होते. खवताना उजव्या हाताला कळ येते, तेव्हा मी थांबते, हात मांडीवर ठेवते, परत खवते. हे समोर बसून बघत होते. एकाएकी म्हणाले, “तेव्हा तुझा केला असता आनी माझा बांदला असता, तर...”

“तर काय?”

“तर काय नाय.”

मी नारळ पुरा केला. ते उठून मागच्या दारी गेले. ते वाक्य पुरं करायचं आम्ही दोघांनीही सोडून दिलं. पुरं केलं तरी ते खरं असेलच असं नाही. माझी जखम चिघळली असती, त्यांचं बांधूनही जुळलं नसतं, असंही झालं असतं. डॉक्टर खोटं बोलला नव्हता. त्याने सगळंच सांगितलं होतं, आणि सगळंच सांगितल्यामुळे आम्हाला धरायला काही उरलं नाही.

गेल्या महिन्यात, फाल्गुनात, आमच्या शेजारचा माणूस आंब्याच्या झाडावरून पडला. फांदी मोडली आणि तो खांद्यावर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको आमच्याकडे आली, हातात एक्स-रेचं पाकीट. मी शाळेला निघाले होते. ती पडवीतच बसली.

“तुमी दोगांनीय भोगलास,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हनता प्लेट घातलास तरी चलात, पट्टो बांदलास तरी चलात. आमका काय कळता? तुमीच सांगा, काय करू?”

ह्यांनी पाकीट घेतलं, एक्स-रे उजेडाकडे धरला. एका हाताने धरलेला तो कागद वाकत होता, म्हणून मी दुसरं टोक धरलं. हाड मधोमध मोडलेलं होतं. चढलेलं थोडं, फार नाही. आमच्या दोघांच्या मधलं.

“ऑपरेशन करू नको,” हे म्हणाले.

त्याच वेळी मी म्हटलं, “करून घे.”

ती एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मी कागद सोडला. ह्यांनी तो पाकिटात घालायचा प्रयत्न केला, एका हाताने जमेना, तेव्हा तिनेच घेतला. “बरा,” ती म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी कळलं की ती देवळात गेली होती. आमच्याकडे निर्णय होत नसला की देवाला कौल लावतात. गुरव पाषाणावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि उजवीकडची पडली की हो, डावीकडची पडली की नाही. तिने ऑपरेशनसाठी कौल लावला होता. डावा आला. नवऱ्याला पट्टा बांधून घरी आणलं.

मी शिकवणारी बाई. एरवी मी काहीतरी बोलले असते. त्या दिवशी मी वह्या तपासत राहिले. हे म्हणाले, “तेंचा बरा झाला. वायट झाला तर देवाच्या नावान रडतली. आमी कोनाच्या नावान रडाचा?”

शेजारी आता हात गळ्यात बांधून अंगणात फेऱ्या मारतो. भेटला की मला सांगतो, आत हळूहळू घट्ट झाल्यासारखं वाटतंय. ह्यांनाही चतुर्थीच्या आधी तसंच वाटायचं. मी त्याला बरं म्हणते आणि पुढे जाते. शाळेत आज पाचवीला भागाकार होता. गणित मोठं होतं, उत्तर फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत आलं आणि जागा संपली. पुसून वरून परत मांडावं म्हणून हात उचलला, तर अर्ध्यावर आला आणि थांबला. मुलांना म्हटलं, उरलेलं वहीत तुम्हीच करा.